घरातील कोपरा आणि कामाचा मान

कार्यालय म्हणजे घराबाहेरचे ठिकाण, ही समजूत आपल्या मनात इतकी रुजली आहे की, ती कायमचीच असावी असे वाटते. वास्तविक घर आणि कचेरी यांची फारकत फार जुनी नाही. गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर त्याच्या घरीच असे. जमाखर्चाचे कागद कापडी रुमालात बांधून ठेवलेले असत. काम निघाले की सोप्यावर बैठक घालून ते सोडले जात आणि काम संपले की पुन्हा बांधले जात. वकिलाची वा वैद्याची पुढची खोली हीच त्याची कचेरी असे. पुढे गिरण्या, सरकारी कचेऱ्या आणि बँका आल्या, तसा माणूस घड्याळाच्या काट्यावर घराबाहेर पडू लागला. मार्च २०२० मधील टाळेबंदीने हे चक्र अवघ्या काही दिवसांत उलटे फिरवले. बंगळुरूसारख्या शहराला त्याचा प्रत्यय विशेष तीव्रतेने आला.

या शहराला घरातून उभा राहिलेला उद्योग नवा नाही. किरण मजुमदार यांनी १९७८ मध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर बायोकॉनची सुरुवात केली, ती कोरमंगल भागातील भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसची कथा तर सर्वज्ञात आहे. सुधा मूर्ती यांनी साठवलेले दहा हजार रुपये हे त्या कंपनीचे आरंभीचे भांडवल होते आणि कर्ज काढून घेतलेले पुण्यातील लहानसे घर हेच तिचे कार्यालय झाले. मात्र १९८३ मध्ये बिऱ्हाड बंगळुरूला हलले, तेव्हा जयनगरात राहण्यासाठी एक लहान घर भाड्याने घेतले गेले आणि कंपनीसाठी दुसरे. घर आणि काम यांच्यामध्ये कोठेतरी एक रेघ आखावी लागते, हे जाणूनच जणू ती विभागणी झाली असावी.

आज प्रत्येकाला दुसरे घर घेणे शक्य नाही. ती रेघ आता एकाच घरात, किंबहुना एकाच खोलीत आखावयाची आहे. ती आखण्याचे साधन म्हणजे कामाचा स्वतंत्र कोपरा.

टाळेबंदी उठली, कार्यालये उघडली, तरी हा प्रश्न मिटला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने संगणकाधारित सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवरील नोंदणीची आणि बँक हमीची अट काढून टाकली. त्यामुळे घरून काम देण्यातील एक मोठा अडथळा दूर झाला. शिवाय रस्त्यांची स्थिती आहेच. टॉमटॉम या संस्थेच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये बंगळुरूच्या मध्यभागी १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २९ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. अशा शहरात आठवड्यातील दोन-तीन दिवस घरून काम करण्याची मुभा ही चैन नसून आयुष्यातील तासांची बचत आहे.

तथापि ही बचत कोणाच्या पदरात पडते, हा खरा प्रश्न आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असलेल्या दोन खोल्यांच्या घरात बहुधा असे दिसते की, दार लावून घेता येणारी खोली पतीच्या वाट्यास जाते आणि पत्नीचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडतो. जेवणाची वेळ झाली की तो उचलावा लागतो. कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, मुलाचा गृहपाठ या सर्वांना उत्तर देण्याची जबाबदारी आपोआप तिच्याकडे येते, कारण ती ‘समोरच’ बसलेली असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले होते. हा भार असलेल्या व्यक्तीलाच जर कामासाठी निश्चित जागा नसेल, तर घरून काम ही सवलत न राहता दुहेरी पाळी होते. कोणाच्या कामाला भिंत मिळते आणि कोणाच्या कामाला मिळत नाही, यावरून त्या घरात कोणाच्या कामाला किती मान आहे, हे कळून येते.

यावर ‘लहान घरात जागा कोठून आणावी?’ असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे; परंतु येथे खोलीची नव्हे, स्थैर्याची आवश्यकता आहे. चार फूट बाय पाच फूट, म्हणजे अवघी वीस चौरस फूट जागा एका माणसास पुरते. उदाहरणादाखल, नऊशे चौरस फुटांच्या घराचे भाडे तीस हजार रुपये धरले, तर या कोपऱ्याचे मासिक मोल सुमारे ६६७ रुपये होते. बैठकीच्या खोलीत पाहुण्यांची वाट पाहत उभी असलेली शोकेस याहून अधिक जागा अडवून बसते. दोघेही घरून काम करीत असतील, तर दोन कोपरे असावेत. तेही शक्य नसेल, तर दाराआडच्या एकाच जागेचे वेळापत्रक ठरवून वाटप व्हावे.

कोपरा निवडताना काही साध्या गोष्टी पाहाव्यात. खिडकी पाठीमागे वा समोर नसून बाजूला असावी, म्हणजे पडद्यावर चकाकी येत नाही. टेबलाची उंची साधारणतः ७२ ते ७५ सेंटिमीटर असावी, पावले जमिनीवर सपाट टेकावीत आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत यावी. त्यासाठी लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके आणि एक वेगळा कीबोर्ड पुरतो. टेबलावर काटकसर चालेल, खुर्चीवर नको. पाठीचे दुखणे खुर्चीच्या किमतीपेक्षा महाग पडते. भाडेकरूंनी भिंतीला भोके पाडण्याऐवजी घडीचे टेबल घ्यावे. दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची प्रथा असलेल्या या शहरात घर सोडताना रंगरंगोटीपोटी होणारी कपात अनेकांच्या परिचयाची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील येथील हवेत वातानुकूलन यंत्राची बहुधा गरज भासत नाही. मात्र वळवाच्या पावसात वीज गेल्यास राउटर चालू ठेवणारा लहान यूपीएस आणि अर्थिंग असलेला प्लग हवाच. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेतील २०० युनिटांची मर्यादा ओलांडली जात नाही ना, याकडेही लाभार्थींनी लक्ष द्यावे.

खर्चाचा विचार ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या न्यायानेच व्हावा. सुलभ हप्त्यांच्या जाहिराती पाहून संपूर्ण फर्निचर एकदम घेण्याऐवजी खुर्ची, दिवा, टेबल अशा क्रमाने खरेदी करणे शहाणपणाचे ठरते. नोकरदारास स्वखर्चाने घेतलेल्या टेबल-खुर्चीपोटी आयकरात वेगळी वजावट मिळत नाही. सर्वांना मिळणारी प्रमाणित वजावट तेवढीच. म्हणून कंपनीकडून काही भत्ता वा सामान मिळते का, याची आधी चौकशी करावी. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांची गोष्ट निराळी. हिशेबवह्या ठेवणाऱ्यास फर्निचरवर १० टक्के आणि संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळू शकतो. घरभाडे व विजेचा व्यवसायाकडे जाणारा हिस्साही दाखविता येतो. अंदाजित उत्पन्नाची पद्धत स्वीकारणाऱ्यास मात्र या वजावटी वेगळ्या घेता येत नाहीत. पावत्या जपून ठेवणे आणि व्यवसायाचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवणे, हीदेखील एक प्रकारे रेघ आखणेच आहे.

शेवटी, कोपरा जितका काम सुरू करण्यासाठी, तितकाच ते थांबविण्यासाठीही असतो. जुन्या काळी कुलकर्ण्याने रुमालाची गाठ मारली की घरातल्यांना काम संपल्याचे कळत असे. आजचे दप्तर खिशातल्या फोनमधूनही उघडते, त्यामुळे ते कधीच बांधले जात नाही. कामाची जागा निश्चित असेल, तर तेथून उठणे म्हणजे काम संपणे, हा संकेत घराला पुन्हा शिकविता येतो. तो लहान मुलांना लवकर कळतो. मोठ्यांना कळण्यास थोडा वेळ लागतो, इतकेच. येत्या दिवाळीत घराची आवराआवर होईल, तेव्हा नवी वस्तू कोठे ठेवावी, याआधी घरातील कोणाला बसण्यासाठी हक्काची जागा नाही, याचा विचार अवश्य व्हावा.