टाळेबंदीतला पगार : न सुटलेला प्रश्न

संकट ओसरले की त्याची आठवणही ओसरते. करोनाच्या महासाथीला आता काही वर्षे लोटली आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या फलाटांवर पूर्वीसारखीच गर्दी उसळते आहे. परंतु २०२० च्या उन्हाळ्यात घराघरांत विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाला अद्याप स्पष्ट उत्तर मिळालेले नाही. सरकारच्या आदेशाने काम बंद पडले, त्यात दोष ना मालकाचा ना कामगाराचा. मग त्या दिवसांचा पगार द्यायचा कोणी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या आहेत. त्या निमित्ताने या प्रश्नाकडे पुन्हा वळणे आम्हाला आवश्यक वाटते.

आदेश आला, पैसा कोठून?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. चारच दिवसांनी, २९ मार्च रोजी, केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये आदेश काढला : आस्थापना बंद असली तरी कामगारांना ठरलेल्या तारखेस, कोणतीही कपात न करता वेतन द्यावे. आदेशामागील हेतू मानवतेचा होता, याविषयी दुमत नाही. मात्र हा भार सर्वस्वी मालकांवर टाकला गेला.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीतील लहान कारखानदाराचा विचार करा. माल पडून, येणी अडकलेली, बँकेचे व्याज मात्र चालूच. ब्रिटनमध्ये सरकारने घरी बसविलेल्या कामगारांच्या वेतनाचा ८० टक्के हिस्सा, ठरावीक मर्यादेपर्यंत, सुरुवातीला स्वतः उचलला. आपल्याकडे केंद्राने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही वाटे भरले. पण ते केवळ शंभरपर्यंत कर्मचारी असलेल्या आणि त्यांतील ९० टक्के लोकांचा पगार १५ हजारांपेक्षा कमी असलेल्या आस्थापनांसाठी. प्रत्यक्ष पगारासाठी मदत नव्हती. याचा अर्थ पगार बुडविणाऱ्या प्रत्येकाला माफी द्यावी, असा नव्हे. ज्यांची तिजोरी भरलेली होती, त्यांतील काहींनीही याच अडचणीची ढाल पुढे केली.

न्यायालयांनी काय म्हटले?

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३० एप्रिल २०२० रोजी अलाइन कंपोनंट्स प्रकरणात कामगारांच्या बाजूने भूमिका घेतली. प्रवास व भोजन भत्ता वगळून वेतन द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. १२ मे रोजी तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरातील कंत्राटी कामगारांच्या बाबतीतही त्याच खंडपीठाने हाच न्याय लावला आणि 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व अशा असाधारण परिस्थितीत लावता येणार नाही, असे म्हटले. कंत्राटी असला तरी पोट कंत्राटी नसते, हे त्यातून अधोरेखित झाले.

परंतु १७ मेच्या नव्या आदेशाने वेतनाची सक्ती १८ मेपासून संपुष्टात आली. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने फायकस पॅक्स प्रकरणात २९ मार्चच्या आदेशाच्या वैधतेवर निर्णय दिला नाही. मालकांवर सक्तीची कारवाई करू नये आणि त्या सुमारे पन्नास दिवसांच्या वेतनाबाबत उभय पक्षांनी वाटाघाटी कराव्यात, त्या फिसकटल्यास कामगार अधिकाऱ्यांकडे जावे, असा मार्ग न्यायालयाने दाखविला.

वाटाघाटी हा सुसंस्कृत मार्ग आहे. पण त्यासाठी दोन्ही पक्ष समोरासमोर बसायला हवेत. जून उजाडेपर्यंत भिवंडीच्या यंत्रमागांवरचे आणि कल्याणच्या बांधकामांवरचे असंख्य मजूर कोणी श्रमिक रेल्वेने, तर कोणी नाशिक महामार्गाने पायी कसाऱ्याचा घाट चढून गावी निघून गेले होते. जे उरले होते, त्यांना हिशेबापेक्षा नोकरी टिकविण्याची चिंता अधिक होती. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हाच धोका दाखविला होता : गरजेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, दोघांनी करार केला एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही.

हजर व्हा, पण जायचे कसे?

आपल्या भागाचे दुखणे आणखी वेगळे होते. येथील लाखो लोकांची नोकरी मुंबईत आणि घर खाडीपलीकडे. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली. १५ जूनला ती सुरू झाली, तीही अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती. सर्वसामान्य प्रवाशाला, ठरावीक वेळेत का होईना, लोकलमध्ये पाय ठेवता आला तो थेट १ फेब्रुवारी २०२१ रोजी. मधल्या काळात कार्यालये उघडली, हजेरीपट सुरू झाले आणि डोंबिवलीचा माणूस त्यावर 'गैरहजर' ठरू लागला. कारखाना बंद असताना निदान आदेशाचा आधार होता. कारखाना उघडा पण रस्ता बंद, या स्थितीचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

जे अत्यावश्यक सेवेत होते, त्यांचीही परवड झाली. मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत काम करणाऱ्यांना ८ मेपासून शहरात ये-जा करण्यास मज्जाव करणारा आदेश काढला. त्यांच्या राहण्याची सोय मुंबईतच त्यांच्या आस्थापनांनी करावी, अशी अपेक्षा होती. तीव्र विरोध झाल्यावर पालिकेला माघार घ्यावी लागली. परंतु रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकेने रात्री डोके कोठे टेकावे, हे ठरविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हा उघडा पडला.

नव्या संहितांत काय आहे?

नव्या कायद्यांत महासाथीची दखल घेतलेली आहे. पण ती कशासाठी, हे पाहण्यासारखे आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार महासाथीच्या काळात सरकार कामाच्या ठिकाणांना संहितेच्या तरतुदींतून एका वेळी एक वर्षापर्यंत सूट देऊ शकते. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार भविष्य निर्वाह निधी व राज्य विम्याची वर्गणी एका वेळी तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलता किंवा कमी करता येते. टाळेबंदीतील वेतन कोणी द्यावे, याचे नेमके उत्तर मात्र तेथे नाही. ले-ऑफची निम्म्या वेतनाची भरपाई पूर्वीप्रमाणेच आहे. पण पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू नाही. ले-ऑफपूर्वी सरकारी परवानगी घेण्याची मर्यादाही शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली आहे. आमच्या परिसरातील बहुसंख्य लहान कारखाने या दोन्ही रेषांच्या बाहेर राहतात.

नव्या कायद्यांचा एक भाग मात्र स्वागतार्ह आहे. नियुक्तिपत्र देणे मालकांना बंधनकारक झाले आहे. कंत्राटदाराने वेतन थकविले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे. महासाथीने शिकविलेला मोठा धडा हाच होता की, ज्याचे नाव कोठल्याच कागदावर नाही, त्याच्यापर्यंत न्यायालयाचा आदेशही पोहोचत नाही.

आपल्या हाती काय?

पुढील संकट येईल तेव्हा धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. प्रत्येक मालकाने आजच काही गोष्टी कराव्यात : सर्वांना नियुक्तिपत्र द्यावे, पगार बँकेत जमा करावा, निधी व विम्याची नोंदणी अद्ययावत ठेवावी, कंत्राटदाराकडून वेतनाच्या पावत्या मागाव्यात. सक्तीने काम बंद राहिल्यास किती दिवस किती वेतन मिळेल आणि वाहतूक बंद असताना हजेरी कशी धरली जाईल, हे कामगारांशी बोलून शांत काळातच लेखी ठरवावे.

हे आम्ही केवळ कारखानदारांना सांगत नाही. आमच्या शाळा, रुग्णालये, वसतिगृहे याही मालकच आहेत. तेथील शिपाई, सफाई कामगार आणि बसचालक यांचे कागद आपण प्रथम तपासले पाहिजेत. आणि आपल्या घरी धुणीभांडी करणारी ताई? एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली. नोंदणी नसलेली त्यालाही मुकली. त्या महिन्यांत तिला घरी बसवून पगार देणारी कुटुंबे आपल्यात होती, तशीच 'काम नाही तर दाम नाही' म्हणणारीही होती. आपण कोणत्या बाजूला होतो, हे ज्याचे त्याने आठवावे. तिच्या नोंदणीसाठी मात्र आजच तिच्यासोबत जावे.