विश्लेषण : टेनिसचा पैसा पूर्वेकडे, करंडक युरोपकडे… मग बालेवाडी कुठे?

पिंपरी-चिंचवडमधील वाकडहून मुळा नदी ओलांडली की बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. २०१८ ते २०२३ या काळात दक्षिण आशियातील एकमेव एटीपी टूर स्पर्धा येथे होत असे. ती गेली आणि तिच्या जागी खालच्या पायरीची चॅलेंजर स्पर्धा आली. दुसरीकडे हाँगकाँग, दोहा, सौदी अरेबिया यांचे पुरुष टेनिसमधील वजन वाढते आहे. तरीही ग्रँडस्लॅम करंडक युरोपातून हलायला तयार नाहीत. असे का होते आणि त्यात बालेवाडीचे स्थान काय?

बालेवाडीत काय बदलले?

१९९६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही स्पर्धा पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली आणि दोन दशके तेथेच राहिली. २०१८ मध्ये राज्य सरकार आणि महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेच्या पाठबळावर ती ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ या नावाने बालेवाडीत आली. २०२१ मध्ये करोनामुळे खंड पडला. एकूण पाच वेळा ती झाली. एकेरीत जिल्स सिमॉन, केव्हिन अँडरसन, यिरी व्हेसेली, जोआओ सोसा आणि टॅलन ग्रिक्सपूर विजेते ठरले. म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा अँडरसन वगळता चौघे युरोपीय. दुहेरीत रोहन बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह विजेतेपद मिळवले.

२०२३ नंतर स्पर्धा बंद झाली. २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात हाँगकाँगमध्ये २००२ नंतर प्रथमच एटीपी स्पर्धा झाली. बालेवाडीत फेब्रुवारीमध्ये ‘चॅलेंजर १००’ दर्जाची महा ओपन झाली. आधीच्या स्पर्धेत विजेत्याला २५० मानांकन गुण मिळत. चॅलेंजरमध्ये १०० मिळतात.

पूर्वेकडे नेमके काय सरकत आहे?

पैसा आणि तारखा. ग्रँडस्लॅमनंतरच्या सर्वांत मोठ्या ‘मास्टर्स १०००’ स्पर्धा नऊ आहेत. त्यातील चार उत्तर अमेरिकेत, चार युरोपात आणि फक्त शांघायची आशियात. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेत एकही नाही. या रचनेला पहिला धक्का सौदी अरेबिया देणार आहे. तेथे दहावी मास्टर्स स्पर्धा लवकरात लवकर २०२८ पासून होईल, अशी घोषणा एटीपीने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. सौदीचा सार्वजनिक गुंतवणूक निधी २०२४ पासून एटीपीचा भागीदार आहे. दोहाच्या स्पर्धेलाही २०२५ मध्ये २५० वरून ५०० चा दर्जा मिळाला. मोठ्या स्पर्धा अशा आणखी मोठ्या होत असताना, बालेवाडीसारख्या २५० च्या स्पर्धांना कॅलेंडरमध्ये टिकणे अवघड होते.

मग करंडक युरोपातच का राहतात?

टेनिसमध्ये सत्तांतर झालेच नाही, असे नाही. १९५० ते १९६७ या १८ वर्षांत ऑस्ट्रेलियाने १५ वेळा डेव्हिस चषक जिंकला. १९९० च्या दशकात सॅम्प्रस-अगासी यांच्या अमेरिकेचा दबदबा होता. पण २००३ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेतील अँडी रॉडिकनंतर एकाही अमेरिकी पुरुषाला ग्रँडस्लॅम एकेरी जिंकता आलेली नाही. २००५ ते २०२५ या काळात ८३ ग्रँडस्लॅम स्पर्धा झाल्या. त्यांपैकी ८२ युरोपीय खेळाडूंनी जिंकल्या. अपवाद एकच, २००९ चा अमेरिकन विजेता अर्जेंटिनाचा डेल पोट्रो. आशियाई पुरुषाची मजल उपविजेतेपदापर्यंतच, २०१४ मधील जपानच्या केई निशिकोरीची.

याचे एक मोठे कारण म्हणजे खालच्या पायऱ्या. इटलीत दरवर्षी डझनाहून अधिक चॅलेंजर स्पर्धा होतात. यजमान म्हणून स्थानिक तरुणांना वाइल्ड कार्ड मिळते, रेल्वेच्या अंतरावर गुण मिळतात, हरले तरी पुढच्या आठवड्यात दुसरी संधी असते. याच देशातून यानिक सिनर घडला आणि इटलीने २०२३ पासून सलग तीन वर्षे डेव्हिस चषक जिंकला. आखाती देशांकडे मोठी मैदाने आणि मोठी बक्षिसे आहेत, पण अशी शिडी नाही.

पुण्याचे खेळाडू काय करतात?

शिडी आहे तिथे जातात. पुण्याच्या मानस धामणेला २०२३ मध्ये वयाच्या १५ व्या वर्षी बालेवाडीत मुख्य फेरीत वाइल्ड कार्ड मिळाले. सरावासाठी मात्र त्याने इटलीतील पियाट्टी अकादमी गाठली. सिनरही तेथेच घडला. पुण्याच्याच अर्जुन कढेने ऋत्विक बोल्लिपल्लीसह एटीपी दुहेरीचे विजेतेपद मिळवले, तेही कझाकस्तानात, २०२४ च्या अल्माटी स्पर्धेत. विमानभाडे, हॉटेल आणि प्रशिक्षकाचा खर्च झेपणारी मोजकीच कुटुंबे या वाटेला जाऊ शकतात.

बालेवाडीने आता काय मागावे?

चाकणमध्ये मोटारींचा कारखाना उभा राहतो तो भोसरी-चाकण पट्ट्यातील शेकडो लघुउद्योगांच्या जोरावर. बालेवाडीत मोठी स्पर्धा आली होती, तिच्याखालची साखळी मात्र तुटपुंजी होती. वर्षातून एक आठवडा जगातले नामवंत आले तरी उरलेल्या ५१ आठवड्यांत गुण मिळवायला खेळाडू परदेशीच जाणार.

त्यामुळे चॅलेंजर ही केवळ पदावनती मानण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईची चॅलेंजर जिंकूनच सुमित नागल पहिल्या शंभरात पोहोचला. त्याच महिन्यात बालेवाडीची चॅलेंजर मोनाकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने जिंकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक क्रमवारीत २०४ व्या स्थानी असताना, पात्रता फेरीतून येऊन त्याने शांघाय मास्टर्सचा करंडक उचलला.

बालेवाडीच्या कोर्टवरून वर जाता येते, हे त्याने दाखवले. अशा स्पर्धा महाराष्ट्रात वर्षात एक-दोन होतात की आठ-दहा, यावर पुढचा व्हाशेरो इथला असेल का, हे ठरेल. तेवढ्यासाठी सौदीइतका पैसा लागत नाही. मात्र सरकार आणि प्रायोजकांना एका झगमगत्या आठवड्याऐवजी वर्षभर खर्च करण्याची तयारी दाखवावी लागेल.