लकव्यानंतरची उदासी आणि आपला सबर

घरात कोणाला लकवा मारला की सगळ्यांचे लक्ष हातापायांवर असते. काठी धरून चार पावले टाकली की आपण शुक्र अदा करतो. पण तेच अब्बा जेवणावरून उठून जातात, रात्रभर जागतात, नातवंडांशी बोलत नाहीत, ‘अल्लाहने आता उचलावे’ म्हणतात. भीमाकाठचे मांडवगण फराटा असो की नदीपलीकडचा दौंड तालुका, ‘सबर राहिला नाही, ईमान कमजोर झाले’ असे बोलणारे भेटतातच.

आम्हाला हे बोलणे मान्य नाही. लकवा झालेल्यांपैकी साधारण तीनांत एकाला नैराश्य येते. मेंदूला झालेली इजा, परावलंबन आणि काही प्रमाणात जन्मजात घडण, अशी त्याची कारणे आहेत.

मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य असते. त्याची ने-आण सांभाळणारे जनुक काहींत आखूड, तर काहींत लांब असते. लकव्यानंतरच्या नैराश्याचा संबंध आखूड प्रकाराशी आढळला आहे. अमेरिकेतील सिएटल येथे अशा रुग्णांना औषधांसोबत प्रशिक्षित परिचारिकांनी सुमारे दोन महिने भेटून धीर दिला, रोजच्या अडचणी सोडवायला आणि आवडीची कामे पुन्हा धरायला शिकवले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आखूड जनुक असलेल्यांनाच या भेटींचा अधिक फायदा झालेला दिसला. अभ्यास लहान होता. त्यावरून कोणी जनुकाची तपासणी करून घेण्याची गरज नाही. पण ‘रक्तातच आहे, इलाज काय करणार?’ हे म्हणणे त्याने खोटे ठरवले.

हजरत याकूब (अलै.) मुलाच्या विरहात रडून दृष्टी गमावून बसले, तरी त्यांच्या सबराची साक्ष कुरआन देतो. मग आजारी माणसाच्या अश्रूंवरून त्याचे ईमान मोजणारे आपण कोण? इलाज करणे ही तर आपल्या नबी करीम (स.) यांचीच शिकवण आहे.

तेव्हा दोन आठवडे उदासी हटली नाही, तर डॉक्टरांना ‘हात कसा आहे’ याबरोबर ‘मन कसे आहे’ हेही सांगा. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी सांगा, आणि त्यांना एकटे सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे; तिथे मराठीतून बोलता येते. गोळ्या मनाने बंद करू नका. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर पडून इशाऱ्याने नमाज होते, ही सवलत अब्बांना आठवून द्या. आणि रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा, त्यांचा सल्ला विचारा. दुआ आणि दवा यांच्यासोबत हे बसणेही इलाजच आहे.