मताची पेरणी

निवडणूक आली की आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांना एक वाक्य हटकून सुचते. चहाचा पेला खाली ठेवीत ते म्हणतात, “खेड्यातल्या माणसाला काय कळतंय हो? पुढारी सांगेल ते बटण दाबायचं, झालं!” मी पडलो मराठीचा मास्तर, राजकारणाच्या वादात सहसा शिरत नाही. पण माझे आजोळ बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले उमापूर. त्यामुळे या वाक्याने जीव थोडा दुखावतोच.

मग मी त्यांना १९६७ सालची गोष्ट सांगतो. त्या साली बीडने लोकसभेवर पाठविले ते क्रांतिसिंह नाना पाटलांना! माणूस येडेमच्छिंद्रचा, जुन्या सातारा जिल्ह्यातला. वयाची सहासष्ट वर्षे उलटलेली. पक्ष कम्युनिस्ट, आणि चिन्ह कणीस-विळा. महाराष्ट्रातल्या ४५ जागांपैकी ३७ काँग्रेसने जिंकल्या, त्या वर्षी बीडच्या शेतकऱ्याने मात्र या परमुलखातल्या म्हाताऱ्याला आपला म्हटले.

हे एका सभेने झाले असेल का? निवडणुकीआधीची दोन वर्षे पावसाने देशाला दगा दिला होता आणि रेशनवर परदेशी धान्य खाऊन माणसे दिवस ढकलीत होती. शिवाय नाना पाटील नावाला आधीची पुण्याई होती. १९४३ पासून साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले होते, थोड्या खर्चातली गांधी-लग्ने लावून दिली होती. इकडे बीडची जमीनही नांगरलेली होती. निझामाच्या अमलाखाली काढलेल्या या जिल्ह्याने १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसला बाजूला सारून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचा खासदार दिल्लीला धाडला होता.

माझे आजोबा त्या ६७ सालच्या मतदानाला शेजारच्या वंजाऱ्याच्या बैलगाडीतून गेले होते. लहानपणी मी त्यांना विचारले, “आबा, साताऱ्याच्या माणसाला कशाला मत दिलंत?” सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, “पाव्हणा व्हता बाबा, पर भाकरीचं बोलायचा.” राज्यशास्त्रावरची पुस्तके मी पुढे चाळली, पण त्या एका वाक्याने माझे जितके समाधान झाले, तितके पुस्तकांनी झाले नाही.

हे मत कायमचे दान नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९७१ साली बीड पुन्हा काँग्रेसकडे गेले. आणीबाणी उठली आणि १९७७ मध्ये त्याच बीडने मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून दिले. दिलेले मत परत कसे घ्यावे, हे ज्याला कळते त्याला अडाणी कसे म्हणावे?

आता अलीकडची हकीकत. गोदावरी ओलांडली की पलीकडे जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटी आहे. तिथे १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठी चालली आणि मनोज जरांगे पाटील हे नाव घरोघर पोहोचले. गावोगाव पुढाऱ्यांना बंदीचे फलक लागले. रात्री उशिरापर्यंत सभा भरू लागल्या, आणि माणसे पदरची भाकर बांधून त्यांना जाऊ लागली. लोकसभेला चळवळीचा स्वतःचा उमेदवार नव्हता. तरीही २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी सत्ताधारी महायुतीच्या हाती एकच लागली. बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना अवघ्या ६,५५३ मतांनी हरविले. दुसऱ्या बाजूनेही, आपला वाटा जाईल या धास्तीने, ओबीसींची उपोषणे सुरू झाली. पुढे नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल मात्र अगदी उलटा लागला.

मागणी कोणाची रास्त, याचा निवाडा या सदरात करण्याची माझी पात्रता नाही. वाटणीत गुंठ्यांवर आलेली जमीन आणि शिकून घरी बसलेला मुलगा ज्याच्या वाट्याला आला, त्याचे दुःख खोटे नव्हे. हाती आलेले थोडेसे निसटेल ही भीतीही खोटी नव्हे. मी सांगतो ते एवढेच, की त्या निकालानंतर उमापूरला गेलो, तेव्हा चहाला निघालेल्या माझ्या मामेभावाने नेहमीचे हॉटेल सोडून पुढचे गाठले. “तिथं आता आपली माणसं बसत न्हाईत,” तो खाली बघत म्हणाला. त्या हॉटेलाच्या बाकावर ज्यांच्या गाडीतून आबा मतदानाला गेले, त्यांचा नातू बसला होता. आम्ही एकमेकांना पाहिले. हाक कोणीच मारली नाही. मीही नाही. ते अजून मनाला टोचते.

हा दिवाळी अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास बीड जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून लाखो माणसे ऊस तोडायला निघालेली असतील. मुकादमाच्या वहीत त्यांचे नाव ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देताना कोणाची सभा ऐकलीत, हे विचारीत नाही. फडात पहाटेची थंडी सर्वांना सारखीच वाजते, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची वाटही सारखीच लांब असते.

म्हणून भाऊसाहेबांना आता मी थोडे वेगळे उत्तर देतो. खेड्यातल्या माणसाला कळते, पुरते कळते. बटण तो एका क्षणात दाबतो. पण त्याची पेरणी वर्षानुवर्षे चाललेली असते. चिंता आहे ती पेरणाऱ्यांची. पुढच्या निवडणुकीत कोणाला किती मते पडली, ते वर्तमानपत्रे सांगतीलच. उमापूरच्या त्या दोन हॉटेलांतली माणसे पुन्हा एका बाकावर बसली का, ते मात्र मला स्वतः जाऊन पाहावे लागेल. या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी जाणार आहे, आणि या खेपेला पहिली हाक मीच मारीन म्हणतो.