गांवाला गेलेली आई

गेल्या अंकांत हें सदर आलें नाहीं, आणि कित्येक भगिनींनीं पत्रें पाठवून त्याचें कारण विचारलें. कारण साधें आहे. मी विषमज्वरानें आजारी होतें. वडील मंडळींच्या भाषेंत सांगावयाचें तर मला मुदतीचा ताप आला होता. तो आला नेमका जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत, आणि पुढच्याच सोमवारीं आमची धाकटी पहिल्यानेंच शाळेंत जावयाची होती. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, नांव घातलेला रुमाल, सारी तयारी मीं मे महिन्यांतच हौसेनें करून ठेवली होती. त्या दिवशीं मीच उठूं शकणार नाहीं, हें मात्र स्वप्नांतही आलें नव्हतें.

आमचें घर नऊ माणसांचें. एक माणूस पडलें तर काम अडत नाहीं, हें एकत्र कुटुंबाचें सुख मीं या दिवसांत पुरेपूर अनुभवलें. जाऊबाईंनीं माझ्या वांट्याचा स्वयंपाक उचलला, भावोजींनीं औषधें आणलीं, सासूबाई रात्र रात्र उशाशीं बसल्या. त्यांच्याविषयीं तक्रारीचा एक शब्दही माझ्या तोंडून निघावयाचा नाहीं. जें चुकलें तें मायेपोटीं चुकलें, आणि त्याला माझीही संमति होती.

झालें असें कीं, तापाचें नांव कळतांच आजेसासूबाईंनीं बजावलें, "पोरीला त्या खोलीकडे फिरकूं देऊं नका." त्यांनीं नव्वदी ओलांडली आहे. त्यांच्या लहानपणीं या तापावर खात्रीचें औषध नव्हतें. क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ सालीं वापरांत आलें. तोंवर तीन-चार आठवडे उशाशीं बसून ताप आपल्या मुदतीनें उतरण्याची वाट पाहावयाची, आणि कित्येकदां तो माणसाला घेऊनच उतरे. तेव्हां त्यांची धास्ती कोणालाच खोटी वाटली नाहीं. धाकटीला सांगावयाचें ठरलें कीं, आई मामाच्या गांवाला गेली आहे. मीं मान हलविली. अंगांत १०३ अंश ताप असतां माणूस कशालाही मान हलवितें.

माझी खोली माजघराला लागून आहे. लोटलेल्या दारापलीकडून तिचें बोलणें मला ऐकूं येई. मग माझा खोकला तिला ऐकूं जात असेल, हें आम्हां एवढ्या शहाण्यांपैकीं एकाच्याही लक्षांत आलें नाहीं. तिनें कोणाला कांहीं विचारलें नाहीं. दिवसभर ती आपली भातुकली घेऊन त्या दाराशींच बसून असे. मूल गप्प आहे म्हणजे त्याची समजूत पटली, असें आपण मोठीं माणसें सोयिस्करपणें धरून चालतों.

सोमवार उजाडला. देवाला नमस्कार झाला, वडिलांना झाला, सासूबाईंनीं हातावर दही घातलें. उंबरठ्यापर्यंत सर्व यथासांग पार पडलें, आणि तेथें बाईसाहेब खालीं बसल्या त्या उठेनात. रडणें नाहीं, ओरडणें नाहीं. भावोजी उचलावयास गेले तों तिनें दाराची कडी दोन्ही हातांनीं धरली. बाहेर रिक्षा खोळंबलेली. शेवटीं जाऊबाईंनीं जवळ बसून विचारलें, तेव्हां म्हणाली, "काकू, मी गेलें कीं तुम्ही आईला खरंच गांवाला पाठवाल."

म्हणजे चार दिवस ती दाराशीं खेळत नव्हती. पहारा करीत होती.

मीं आंतून हांक मारली. दार उघडलें. ती उंबऱ्याशींच उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली. मीं सांगितलें, "मला ताप आला आहे, बाळ. डॉक्टरांचें औषध चालूं आहे. तूं परत येशील तेव्हां मी याच खाटेवर असेन." तिनें क्षणभर विचार केला. "खाटेवरून उतरूं नकोस," अशी ताकीद दिली आणि काकांचा हात धरून गेली.

त्या दिवशीं डॉक्टर आले तेव्हां मीं भीत भीत विचारलें, पोर दारापर्यंत आली तर चालेल ना? ते म्हणाले, दारापर्यंतच काय, खाटेशेजारीं बसली तरी चालेल. हा रोग श्वासावाटे जात नाहीं. रोग्याच्या मलमूत्रांतून पाण्यांत आणि अन्नांत जातो. साबणानें हात धुवावे, रोग्याचा पंचा वेगळा असावा, पाणी उकळून प्यावें. ताप उतरल्यावरही कांहीं आठवडे जंतु शौचावाटे पडत राहूं शकतात, म्हणून रोग्यानें स्वयंपाकघरांत जाण्याची घाई करूं नये. आतां सहा महिन्यांच्या बाळापासून पुढें देतां येणारी लसही आहे. ती आमच्या घरांत कोणींच घेतली नव्हती. औषध लागू पडलें तरी ताप हटावयास चार-पांच दिवस लागतात, तेव्हां धीर धरावा, असेंही ते म्हणाले. ऐकतां ऐकतां मला हंसूं आलें. दाराला आम्ही एवढा पहारा ठेवला, आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत आल्या-गेल्याचा हात तांब्यासकट बुडत होता! त्याच संध्याकाळीं पिंपाला नळ बसला.

पडल्या पडल्या मला ताराबाई मोडक आठवल्या. बोर्डीस त्यांनीं आणि अनुताई वाघ यांनीं, मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, असें ठरवून अंगणवाडी सुरू केली. ती मुलें गरिबांचीं होतीं, तीं न येण्याचीं कारणें निराळीं होतीं. पण आमच्या पोरीनें उंबरठ्यावर बसून अखेर मागितलें तें हेंच, कीं माझें अंगण जागच्या जागीं राहील अशी खात्री द्या.

रात्रीं आजेसासूबाई काठी टेकीत माझ्या खोलींत आल्या. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "माझी आईसुद्धां मुदतीच्या तापांत अशीच गांवाला गेली होती. मी सहा वर्षांची होतें. पुष्कळ दिवस ओटीवर बसत होतें मी." घरांत ही हकीकत कोणालाच ठाऊक नव्हती, माझ्या सासूबाईंनाही नाहीं. मीं त्यांचा हात हातांत घेतला. मग त्यांनींच आठवण केली कीं आतां हात धुवावयास हवेत.

धाकटी रोज दुपारीं पायांतले बूटही न काढतां खोलींत डोकावून जाई. आठव्या दिवशीं ती डोकवावयास विसरली. माझें पथ्य अजून चालूं आहे. डब्यांत काय द्यावें असें विचारणाऱ्या भगिनींच्या पत्रांना पुढील अंकीं उत्तरें देईन.