दवाखाना कोणाचा?

सरकारी दवाखान्यात औषध मिळाले नाही, की आपण काय म्हणतो? "सरकारी काम असेच चालायचे!" असे म्हणून घरी येतो, नाहीतर पैसे उसने घेऊन खासगी डॉक्टरकडे जातो. मला हे पटत नाही. दवाखाना जनतेच्या पैशावर चालतो. मग त्यात कोणती सुधारणा हवी, हे जनतेने सांगायला नको का?

सन 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात गावोगावी आरोग्य समित्या नेमायचे ठरले. अशा समितीसाठी वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत निधी होता. रक्कम लहान, पण ती कशावर खर्च करायची, हे गावाने ठरवायचे होते.

महाराष्ट्रात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोक एक पाऊल पुढे गेले. गावकरीच आरोग्यसेवेची परीक्षा घेऊ लागले! सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, बेताची असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. हे प्रगतिपुस्तक अक्षरओळख नसलेल्या आजीलाही वाचता येई. मग जनसुनवाई होई. (मराठीत 'सुनावणी' असेही म्हणतात, तुम्हांला हा शब्द परका वाटणार नाही.) तेथे लोक प्रश्न विचारत आणि अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यावे लागे.

मात्र जनसुनवाई म्हणजे भांडण नव्हे. सपाट प्रदेशात साधारण 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण आहे. लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, नोंदवह्या, ही सारी कामे तेथील परिचारिकेकडे असतात. वरून औषधेच आली नाहीत, तर तिच्यावर ओरडून काय उपयोग? तिलाही समितीत बसवावे आणि औषधांची मागणी सर्वांनी मिळून करावी.

काही जण विचारतात, "लोकांना वैद्यकातले काय कळते?" कोणती गोळी द्यायची, हे डॉक्टरच ठरवतील. पण मजुरी बुडवल्याशिवाय दवाखान्यात जाता येत नाही, हे मजुरालाच ठाऊक असते. तपासणीच्या जागी पडदा नसला, तर कितीतरी बायका दुखणे अंगावर काढतात. तुमच्या अम्मीला किंवा आपाला विचारून पाहा. एका पडद्याला असा कितीसा खर्च येतो? पण समितीत स्त्रियाच नसतील, तर तो मागणार कोण?