सर्व्हरची सबब

दिवाळीच्या सुट्टीत हिंगोली जिल्ह्यातल्या बऱ्यापैकी मोठ्या गावात एक नवा वक्ता हमखास भेटतो. तो हिंजवडीत किंवा बंगळूरात प्रोग्रॅमर असतो. बाप सोयाबीन आणि हळद पिकवतो, मुलगा सॉफ्टवेअर लिहितो. घरच्या ओट्यावर बसून तो सहज म्हणून जी मते मांडतो ती बहुतेक ठरलेली असतात. तंत्रज्ञानाला जात नसते आणि पक्षही नसतो. कागद गेला की भ्रष्टाचार गेला. ज्याला ॲप वापरता येत नाही त्याने शिकून घ्यावे, जग कोणासाठी थांबत नाही. ऐकणारे माना डोलावतात, कारण बोलणारा आपल्यातलाच शिकलेला पोरगा असतो.

ही मते ओट्यावरच राहिली असती तर त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या काही वर्षांत हीच मते राज्यकारभाराचे तत्त्वज्ञान होऊन बसली आहेत. मंत्रालयातला सचिव तीच भाषा बोलतो, मंत्री तीच बोलतो आणि तालुक्याच्या कचेरीतला कारकून तर तिच्या आडच राहतो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या तीन शब्दांत त्याची सुटका होते. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे सांगितले जाई. पण साहेब केव्हातरी परत येत असत, आणि ते आले म्हणजे त्यांच्या टेबलासमोर उभे राहून भांडता येत असे.

२०१७ ची कर्जमाफी आठवावी. त्या वर्षी जूनमध्ये ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली आणि ८९ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ होईल असे सांगण्यात आले. मग अट आली ती ऑनलाईन अर्जाची. भर खरिपात शेतकरी पतिपत्नी आधार कार्डे घेऊन सेवा केंद्रांपुढे रांगा लावून राहिले. अंगठा उमटला नाही की पुन्हा दुसऱ्या दिवशी. ज्याने कर्ज दिले त्या बँकेकडे कर्जदाराचे नाव, गाव, गट आणि थकबाकी यांची नोंद असताना तीच माहिती शेतकऱ्याकडून पुन्हा का भरून घ्यायची, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी ऐन दिवाळीत प्रमाणपत्रांचे समारंभ झाले. त्यानंतर याद्यांमध्ये चुका निघाल्या, पैसे खात्यांवर पोचेनात, आणि ८९ लाखांचा आकडा पुढे कधीच गाठला गेला नाही. ही चूक कोणाची? बँका संगणक विभागाकडे बोट दाखवीत होत्या आणि संगणक विभाग बँकांकडे. शिक्षा मात्र एकाच पक्षाला झाली. नव्या हंगामासाठी ज्याला नवे पीककर्ज मिळाले नाही आणि म्हणून सावकाराच्या दारात जावे लागले, तो तो पक्ष.

दुसरे उदाहरण ई-पीक पाहणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपल्याच मोबाईलवरून करावी, अशी व्यवस्था झाली. शेतात उभे राहायचे, पिकाचे छायाचित्र काढायचे, उपग्रहाने दिलेले ठिकाण जुळले की नोंद पाठवायची. या योजनेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तलाठ्याने कचेरीत बसून सगळ्या शिवाराचा पीकपेरा लिहून टाकावा, उसाच्या जागी कापूस आणि पडिकाच्या जागी तूर उगवावी, हे मराठवाड्याने निजामाच्या पटवाऱ्यापासून पाहिले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा किती हेलपाटे वाचले हेही प्रत्येक खातेदार जाणतो. तेव्हा हा वाद यंत्राशी नाही. यंत्राच्या नावाखाली कोणाचा खर्च कोणाच्या माथी मारला जातो, याच्याशी आहे.

पीकपाहणी हे सरकारचे काम होते. त्यासाठी पगारी माणूस होता. ते काम शेतकऱ्याने करायचे ठरल्यावर त्याचा मोबाईल, त्याचा डेटा, त्याचा दिवस आणि गावातल्या जाणत्या पोराला द्यावे लागणारे चहापाणी हे सगळे शेतकऱ्याचे झाले. सरकारी हिशेबात मात्र याला कार्यक्षमता म्हणतात. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की खर्च नाहीसा झालेला नाही, तो फक्त वहीबाहेर गेला आहे. वहीबाहेर गेलेला खर्च नेहमी खालच्या दिशेने वाहतो. ज्याच्याकडे चांगला मोबाईल आहे त्याला तो पाच मिनिटांचा असतो. सेनगाव तालुक्यातल्या टोकाच्या शिवारात, बटणांचा फोन वापरणाऱ्या विधवा खातेदाराला तो दोन दिवसांच्या मजुरीएवढा पडतो. नोंद राहून गेली तर किंमत आणखी वाढते. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन आणि कापसासाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असे अर्थसाहाय्य जाहीर झाले तेव्हा ई-पीक पाहणीतली नोंद ही अट होती. शेतात पीक होते, बाजारात ते कवडीमोल भावाने विकलेही गेले होते, पण पडद्यावर ते उगवले नव्हते! ओरड झाल्यावर २०२४ मध्ये सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही पात्र धरावे लागले. म्हणजे अट अपरिहार्य नव्हती. ती कोणीतरी घातली होती आणि कोणीतरी ती काढूही शकत होता.

ओट्यावरच्या तत्त्वज्ञाला नेमकी हीच गोष्ट दिसत नाही. सॉफ्टवेअर तटस्थ असते असे तो म्हणतो, पण ‘ही जागा रिकामी असल्यास अर्ज स्वीकारू नये’ अशी ओळ जेव्हा तो लिहितो तेव्हा तो कायदा करीत असतो. विधानसभेत कायदा होतो तेव्हा निदान मसुदा छापला जातो, विरोधक उभे राहतात, राजपत्रात तो प्रसिद्ध होतो. सॉफ्टवेअरमधला कायदा कोणी वाचलेला नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही असे जाहीर केले. कोट्यवधी माणसांच्या बोलण्यावरची ही मर्यादा कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने ठरवली. ती योग्यच होती असे मानले तरी, आदल्या महिन्यात ती नव्हती याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

तलाठ्याने फेरफार चुकीचा केला तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेखाली अपील आहे. सेवा मुदतीत दिली नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने १९७७ मध्ये काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, असा हक्क दिला. या सर्व कायद्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: नकार देणारा माणूस असावा आणि त्याचे नाव माहीत असावे. ॲपचा नकार निनावी असतो. औंढ्याला कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळामागे जायला लावले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी या जिल्ह्यातली श्रद्धा आहे. सर्व्हर कोणाकडे फिरल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

यावर बचाव असा येतो की यंत्रामुळे चोरी तरी थांबली. थांबली का? ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून ॲपवर टाकण्याची सक्ती झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की मजुरांऐवजी भलतीच छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवली जात आहेत. चोर यंत्र शिकला. उन्हात फोटोसाठी थांबायला लागली ती खरी मजूर बाई.

याच औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभारली जात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून अणुगर्भातल्या प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल तेथे मोजली जाईल. हा प्रकल्प अभिमानाचाच आहे. परंतु अब्जावधी वर्षांपूर्वीची थरथर ज्या तालुक्यात ऐकू येणार, त्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने नेटवर्कसाठी मोबाईल हातात घेऊन बांधावर चढावे, ही विज्ञानाची मर्यादा नव्हे. ही अग्रक्रमाची निवड आहे.

सरकारी पैशाने लिहिलेले सॉफ्टवेअर जनतेला वाचता आले पाहिजे, ही मागणी स्वप्नाळू नाही. सरकारी सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर खुला करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच स्वीकारले, आणि मे २०२० मध्ये आरोग्य सेतू ॲपबाबत टीकेनंतर का होईना, तसे करून दाखवले. खेड्यातला खातेदार तो मजकूर वाचणार नाही हे उघड आहे. पण तो ताळेबंदही वाचत नाही. म्हणून कोणी सहकारी कारखान्याचे ऑडिट बंद करा असे म्हणत नाही. तो मजकूर वाचणारा ओट्यावर बसलेला आहेच. त्याने ‘लोकांना कळत नाही’ हे म्हणणे सोडून आपल्या बापाचा अर्ज कोणत्या ओळीत अडकला एवढे शोधून दिले तरी पुष्कळ होईल.

आणि तो स्वतः तरी कोण आहे? जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हिंजवडीत जी धडधड वाढली ती मालकांची नव्हती. त्याची हजेरीही यंत्र घेते, त्याच्या कामाची गुणवारीही यंत्र लावते, आणि ती का घसरली हे विचारायला त्याच्यापुढेही बहुधा कोणी माणूस नसतो. बाप आणि मुलगा एकाच खिडकीपुढे उभे आहेत. मुलाला अजून आपण खिडकीच्या आतल्या बाजूला आहोत असे वाटते, इतकेच.

येत्या खरिपाआधी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तहसिलींपुढे एक साधी मागणी ठेवावी. ज्या दिवशी सर्व्हर बंद असेल त्या दिवशी आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याची सही असलेली लेखी पोच मिळावी, आणि त्या पोचेवर नमूद केलेला कागदी अर्ज मुदतीत आलेला धरला जावा.